वेळेवर आलेलं विमान

१

कागदावर दोन प्रवासी होते आणि विमानातून उतरला एकच.

उलीपिकानं खिडकीच्या काचेवरची वाफ बाहीनं पुसली आणि पुन्हा पाहिलं. चाकांऐवजी स्की लावलेलं ते एका इंजिनाचं विमान धावपट्टीच्या कडेला वाऱ्यात थरथरत उभं होतं. गावातल्या दुकानाचा मॅनेजर क्लेम हॉलेट आपला अवाढव्य देह सांभाळत पायऱ्या उतरला. त्याच्यामागून पायलट पेल्टिए आला आणि त्यानं दार ओढून घेतलं. मग दोघं मान खाली घालून ती बसली होती त्या विमानतळाच्या एकखोली इमारतीकडे चालायला लागले.

“आई कुठाय?” ती स्वतःशीच म्हणाली.

आई म्हणजे पित्सिउलाक. वय सव्वीस, उंची सहा फूट, मिशी विरळ पण तिचा अभिमान फार. उलीपिका अठ्ठेचाळीस वर्षांची. तिची आई गेली त्यानंतर महिन्याभरात शेजारच्या घरात हे पोर जन्माला आलं, त्याला तिच्या आईचं नाव दिलं, आणि नावाबरोबर नातंही त्याच्याकडे गेलं. बर्फाळ उत्तरेतल्या या इकालुविक गावात यावर कोणी चर्चा करत बसत नाही. ती त्याला आई म्हणते, तो तिला पोरी म्हणतो. सत्तरी ओलांडलेला तिचा आलारियाक मामा त्याला ताई म्हणून हाक मारतो, आणि ही ताई मिशीवर बोट फिरवत “काय रे पोरा?” म्हणून ओ देते.

दोन आठवडे तो तिकिराकला सुतारकामाला गेला होता. आजच्या विमानानं परत यायचा होता.

दार उघडलं आणि दोघं थंडीचा लोट घेऊन आत आले.

“पित्सी कुठाय?” तिनं विचारलं.

पेल्टिएनं हातमोजे काढून हात शेगडीवर धरले. “आलाच नाही. विमानाच्या दारापर्यंत आला आणि मागे फिरला. वादळ मानगुटीवर बसलेलं, बाई. मी कुणाची मनधरणी करत थांबणार?”

“तुमच्या कागदावर त्याचं नाव आहे.”

“कागद आधी लिहितात. माणूस नंतर चढतो.”

“मी होतो ना आत बसलेला,” क्लेम टोपी झटकत म्हणाला. “म्हटलं, काय पित्सी, येतोस ना? त्यानं माझ्याकडे पाहिलं, असं नाक आक्रसलं आणि वळला. आता नाक आक्रसल्यावर पुढे काय विचारायचं? वीस वर्षं काढलीत मी तुमच्यात, उली. नाही म्हणजे नाही.”

त्यानं स्वतःचं मोठं लालबुंद नाक आक्रसून दाखवलं. इकडची माणसं ‘हो’ म्हणायला भुवया उडवतात आणि ‘नाही’ म्हणायला नाक आक्रसतात. एवढ्याशासाठी तोंड उघडून थंडी आत कोण घेईल! बाहेरून आलेल्यांना हे कळायला वर्षं लागतात. क्लेमला ते छान जमत होतं. तो हसला. उलीपिकाला हसू आलं नाही.

मागे फिरला असेल तर तो तिकिराकला आहे, कुणाच्या तरी घरी चहा पीत बसलाय, असं तिनं मनाला समजावलं आणि रेडिओचं बटण दाबलं.

२

तिच्या टेबलावर दोन रेडिओ होते. एक विमानांचा, दुसऱ्या विमानतळाशीही त्याच्यावरूनच बोलायचं. दुसरा शिकाऱ्यांचा, लांब पल्ल्याचा. तो गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात दिवसभर सुरू असतो. कुणाला मासे मिळाले, कुणाची कुत्री सुटली, कुणाच्या नवऱ्याला घरी पाठवा, सगळं त्याच्यावर चालतं.

तिनं पहिल्यावरून तिकिराकच्या आकेशूला बोलावलं. इकडचं विमानतळ ती सांभाळायची, तिकडचं आकेशू.

“पित्सी? अगं, तो तर गेला की!” आकेशू म्हणाला.

“चढताना पाहिलास?”

“विमानाकडे चालत गेला ते पाहिलं. मग वाऱ्यानं डोळे उघडवेनात, म्हणून दार लावून आत आलो. पण जाणार कुठे, उली? इथे विमानाशिवाय आहे काय?”

“पायलट म्हणतोय मागे फिरला.”

“मग इमारतीत आला असता. मी इथेच बसलोय.” आकेशूचा आवाज बारीक झाला. “आणि आता तर बाहेर स्वतःचा हात दिसत नाहीये. आत्ता पाचच मिनिटांपूर्वी वादळ येऊन आदळलंय. अरे देवा, उली, तो बाहेर असेल तर...”

“कसा होता तो? बरा होता ना?”

“मजेत होता. पहाटे सील मारायला गेलेला, तिथून थेट इथे. दोन तास बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलवर. तोंडावरची लोकरीची पट्टी वाफेनं भिजून मिशीला अशी गोठून बसली होती की ओढली असती तर मिशी हातात आली असती! डोळ्यांवर चष्मा, खाली पट्टी, माणूस कुठला दिसतोय? चहा पुढे केला तर पिता येईना. हसून हसून पुरेवाट. विमान निघायलाच आलं होतं, म्हटलं जा, विमानात ऊब मिळाली की सुटेल.”

इकालुविकचे दोन्ही पोलीस कोर्टाच्या कामासाठी सोमवारपासून तिकिराकलाच अडकले होते. आकेशूनं त्यांना फोन केला. दहा मिनिटांनी त्यातला मोठा पोलीस रेडिओवर आला. शांत माणूस होता, आणि त्या शांतपणाचीच तिला भीती वाटली.

“विमान किती वाजता उतरलं तुमच्याकडे?”

“दीड वाजता.”

“इथून निघालं बारा वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे ऐंशी मिनिटं. नेहमी एवढीच लागतात ना?”

“हो.”

“म्हणजे वाटेत कुठे उतरलं नाही, काही नाही. मग माणूस इथेच आहे. आम्ही दोर बांधून शोधायला निघतो. तुम्ही काळजी करू नका.”

काळजी करू नका म्हणे! तिकिराकचं निम्मं गाव आता त्या पांढऱ्या आंधळेपणात दोर धरून फिरणार होतं. तिच्या आईला बर्फ गिळत असेल, आणि ती तीनशे बेचाळीस किलोमीटरवर शेगडीपाशी बसलेली.

मागे पेल्टिए येरझाऱ्या घालत होता. क्लेमनं किटलीतून स्वतःच चहा ओतून घेतला आणि दुकानाच्या गाडीची वाट बघत बाकावर बसला.

३

तीनशे बेचाळीस किलोमीटर. तो आकडा उलीपिकाला स्वतःच्या नावाइतका पाठ होता.

ती बावीस वर्षांची असताना, या खुर्चीवर बसून तिला जेमतेम दोन महिने झाले असताना, तिच्या आईला रातोरात तिकिराकच्या डॉक्टरकडे न्यायला विमान निघालं होतं. वारा समोरून होता. ऐंशी मिनिटांचं अंतर कापायला एकशे तीन मिनिटं लागली, आणि आई पंच्याण्णवाव्या मिनिटाला गेली. तेव्हापासून विमान हवेत असलं की तिच्या डोक्यात मिनिटं आपोआप चालू व्हायची. काही करता येत नसलं तरी ती मोजायची.

दर तासाला हवामान लिहायचं हे तिचं दुसरं काम. दोन वाजता तिनं वही ओढली आणि सवयीनं खिडकीबाहेर पाहिलं. खांबावरची वाऱ्याची पिशवी काठीसारखी ताठ आडवी झाली होती, तोंड तिकिराकच्या दिशेला. ताशी साठ किलोमीटर. एक वाजताही साठ. बारालाही साठ. तिच्याच अक्षरात.

तिचा हात थांबला.

तिकिराकहून इकडे येताना हा वारा विमानाच्या पाठीवर असतो. ऐंशी मिनिटं लागतात ती वारा पडलेला असताना. समोरून असाच वारा असताना एकशे तीन लागली होती. मग तोच वारा मागून ढकलत असताना ऐंशी कशी? तिनं कागदाच्या कोपऱ्यात गुणाकार केला, पुन्हा केला. पासष्ट. फार तर सहासष्ट. विमान सव्वा वाजता इथे यायला हवं होतं.

सगळे विचारत होते विमानाला उशीर झाला का. लवकर का आलं नाही, हे कुणीच विचारलं नव्हतं.

तिनं मागचं पान उलटलं. अर्ध्या वाटेवर समुद्रात एक खडकाळ बेट आहे. त्यावरून जाताना प्रत्येक पायलट रेडिओवर सांगतो. पेल्टिएनं बारा बेचाळीसला सांगितलं होतं. म्हणजे पहिला अर्धा रस्ता बत्तीस मिनिटांत. बरोबर, वारा मागून होता. मग साठ किलोमीटर उरले की पुन्हा सांगायचं असतं. ते त्यानं एक अठराला सांगितलं होतं. तिथून इथवर बारा मिनिटं, तेही ठीक.

मधल्या एकशे अकरा किलोमीटरांना मात्र छत्तीस मिनिटं लागली होती. लागायला हवी होती एकवीस.

पंधरा मिनिटं. खाली यायला, टेकायला, दार उघडायला आणि पुन्हा उडायला तेवढी पुरतात.

आणि मग आकेशूचं बोलणं तिच्या डोक्यात उजेडासारखं आलं. डोळ्यांवर चष्मा, खाली मिशीला गोठलेली पट्टी. चहासुद्धा पिता आला नाही. मग तिकिराकच्या विमानतळावर, उघड्या वाऱ्यात उभ्या असलेल्या पित्सीचं नाक क्लेमला दिसलं कसं? आक्रसलं की नाही ते कळलं कसं? पट्टी सुटायला ऊब हवी, आणि ऊब फक्त विमानाच्या आत होती.

पित्सी विमानात चढला होता. शेजारी बसला होता, पट्टी वितळली होती, आणि क्लेमनं काहीतरी विचारल्यावर त्यानं खरोखरच नाक आक्रसलं होतं. वीस वर्षांत क्लेम इथला इतका झाला होता की खोटं बोलतानाही त्याला ‘नाही’ म्हणणारा पित्सी नाकासकटच आठवला.

पंचेचाळीस किलोमीटरवर मासेमारीचं तळं आहे, विमानं तिथे नेहमी उतरतात. पण ते साठ किलोमीटरच्या आत येतं, आणि वेळ गेला होता त्याआधीच. त्यापलीकडे समुद्राचा बर्फ नुसता फुटलेला, घराएवढाले तुकडे एकमेकांवर चढलेले. तिथे उतरायला गेलं तर विमानाचे तुकडे व्हायचे. सपाट जागा एकच. शंभर किलोमीटरवर कूगालुक नदीचं मुख.

तिनं तो शब्द लिहिला आणि त्याभोवती गोल काढला.

“काय लिहितेस एवढं, उली?”

क्लेम तिच्या खुर्चीच्या अगदी मागे उभा होता.

४

वही झाकायला उशीर झाला होता. क्लेमनं वाकून पान वाचलं. त्याच्या अंगाला दुकानातल्या साबणाचा वास येत होता. वीस वर्षं तिनं त्याच्याकडून पीठ, चहा, काडतुसं घेतली होती. त्यानं तिच्या पोरांना गोळ्या फुकट दिल्या होत्या. आज पहिल्यांदाच तिला कळलं की हा माणूस केवढा मोठा आहे आणि खोलीत दार एकच आहे.

“ते पान दे मला,” तो म्हणाला.

“हवामानाचं आहे ते. सरकारी असतं.”

“उली, शहाण्यासारखं वाग.”

उजव्या हातानं तिनं वही घट्ट दाबून धरली. डावा हात तिनं हळूच दुसऱ्या रेडिओमागे सरकवला. मग ती क्लेमशी न बोलता शेगडीपाशी उभ्या असलेल्या पायलटकडे वळली. पेल्टिए तरुण होता, मागच्या शरद ऋतूत दक्षिणेकडून आलेला. तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

“पेल्टिए, बारा बेचाळीसला तुम्ही बेटावर होतात. एक अठराला साठ किलोमीटरवर. वारा पाठीशी होता. मधली पंधरा मिनिटं कुठे होतात?”

“ढग होते. वळसा घेतला.”

“क्लेमनं पित्सीचं नाक पाहिलं. ते विमानाबाहेर कुणालाच दिसलं नसतं. पट्टी गोठली होती त्याची.”

“बडबड बंद कर,” क्लेम म्हणाला.

“बाहेर उणे एकतीस आहे,” ती पेल्टिएलाच म्हणाली. आवाज फुटत होता, फुटू दिला. “वर हा वारा. सव्वा तास झाला. उघड्या बर्फावर मरेल हो तो! उघड्यावर माणूस...”

“उघड्यावर नाहीये!” पेल्टिए ओरडला. “खोपट आहे तिथे, चूल आहे, लाकडं आहेत. रात्रभर काही होत नाही त्याला!”

“गाढवा,” क्लेम हळू आवाजात म्हणाला.

“कूगालुकचं खोपट?” उलीपिकानं विचारलं.

पेल्टिए बाकावर कोसळल्यासारखा बसला. “आठ खोकी होती. व्होडका. तुमच्या गावानं दारूबंदी केल्यापासून इथे उतरवता येत नाही, म्हणून तिथे टाकायची, मग क्लेम स्नोमोबाइलनं नेतो. पित्सीचं तिकीट ऐन वेळी निघालं. आम्ही म्हटलं, दुकानाचं सामान आहे. उतरवायला मदत केली बिचाऱ्यानं. एक खोकं फुटलं. क्लेमनं विचारलं, गप्प बसशील ना? त्यानं नाक...” तो थांबला. “क्लेम म्हणाला, एक रात्र खोपटात राहू दे, डोकं थंड होईल, उद्या मी जाऊन घेऊन येतो. मारायचं नव्हतं हो! शपथ.”

“त्या खोपटाला दार नाही, पेल्टिए. फेब्रुवारीत पांढऱ्या अस्वलानं दार फोडलं. एक भिंत पाडली, चूल बाहेर ओढून चेमटवली. तीन दिवस रेडिओवर दुसरा विषय नव्हता. तुम्हाला आमची भाषा येत नाही, तुम्हाला कसं कळणार?”

तिनं क्लेमकडे पाहिलं.

“पण क्लेमला येते.”

पेल्टिएची मान सावकाश वळली. “तुला माहीत होतं?”

क्लेमनं टेबलावरची वही स्वतःकडे ओढली.

“उडत्या बर्फात खोपट दिसत नव्हतं म्हणून मी विचारलं होतं तुला. दोनदा विचारलं. चूल आहे ना, विचारलं होतं!”

“बस झालं,” क्लेम म्हणाला. त्यानं ते पान टर्रकन फाडलं आणि शेगडीत टाकलं. मग दाराशी जाऊन पाठ टेकून उभा राहिला. “संध्याकाळपर्यंत वादळ इथे येतंय. पोलीस तिकडे. कुणी कुठे जात नाही. उद्या तिकिराकवाले सांगतील, वाट चुकला बिचारा. आणि तुम्ही दोघं काय सांगणार? गुणाकार?”

उलीपिका जन्मात इतकी घाबरली नव्हती. तरी तिनं डावा हात माइकसकट वर काढला. बोटं बटणावर दाबून दाबून पांढरी पडली होती.

“मला नाही सांगायचंय काही,” ती म्हणाली. “शिकाऱ्यांचा रेडिओ चालू आहे, क्लेम. सगळं गाव ऐकतंय.”

तिनं बटण सोडलं, आणि लगेच त्यातून आलारियाक मामाचा खरखरीत आवाज खोलीत घुमला.

“पोरी, दाराजवळून लांब हो. आम्ही आलोच.”

बाहेर स्नोमोबाइलची इंजिनं ऐकू येत होती. एक नाही, निदान वीस असतील.

५

क्लेमला गावातल्या बायकांनी त्याच्याच दुकानाच्या मागच्या कोठारात बसवलं आणि दाराला पिठाची पोती लावली. त्यात त्याची रोजची गिऱ्हाइकंच होती. कुणी त्याच्या अंगाला हात लावला नाही, एक शब्द बोललं नाही. तेच त्याला जास्त लागलं असावं, कारण आत जाताना तो प्रत्येकीला नावानं हाका मारत होता.

उलीपिकानं आकेशूला कळवलं. “माणसं परत बोलाव. तो तिकडे नाही.” आकेशू रडायला लागला.

“मी उडतो,” पेल्टिए म्हणाला. “शंभर किलोमीटर. पाऊण तासात घेऊन येतो.”

तिनं त्याला खिडकीशी नेलं. वाऱ्याचा जोर आणखी वाढला होता. बर्फाची भुकटी जमिनीलगत कमरेएवढी धावत होती आणि धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं.

“वर गेलात तरी कूगालुकला जमीन दिसणार नाही. मग मी दोघांना शोधू?”

तो कोपऱ्यात जाऊन बसला. दिवसभर तिथून हलला नाही.

मामा कॅरिबू हरणाच्या कातड्याचा जुना कोट घालून उभा होता. बरोबर दोन शिकारी, तीन स्नोमोबाइल, मागे एक घसरगाडी. पेट्रोल एकाच ठिकाणी जाऊन यायला पुरेल एवढं.

“नक्की कूगालुक ना?” त्यानं विचारलं. “अलीकडचं तळं नाही? ताईला तिकडे शोधतोय आणि ती इकडे, असं नको व्हायला.”

“नक्की, मामा.” मग तिनं ते सांगितलं जे सांगायची हिंमत होत नव्हती. “वादळ तिकिराकला पावणेदोनच्या सुमारास पोचलं. ताशी साठनं येतंय. कूगालुकला सहाच्या सुमारास पोचेल.”

“आणि आम्ही?”

“आत्ता तीन वाजलेत. बर्फ खराब आहे. तुम्हीसुद्धा सहालाच.”

मामानं भुवया उडवल्या. “मिनिटं तू मोज, पोरी. बर्फाचं मी बघतो. दिसलं नाही तरी बर्फात वाऱ्यानं कोरलेल्या रेघा पायाला लागतात, त्यावरून दिशा कळते.”

ते गेले. आवाज लगेच विरला.

चार वाजता तिनं हवामान लिहिलं. पाच वाजता लिहिलं. कुणीतरी माशाचं कालवण आणून ठेवलं, ते तिथेच थिजलं. पित्सीला कूगालुकला उतरवलं तेव्हा एक वाजायचा होता. पाच तास. तो शहाणा आहे, चालत सुटणार नाही, असं ती स्वतःला सांगत होती. मग तिला फुटलेली भिंत दिसायची. अस्वल परत त्याच जागी येतं हे तिला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. त्याची बंदूक तिकिराकला मित्राकडे ठेवलेली होती. या सगळ्याला उत्तर देईल असा गुणाकार नव्हता. एकदा ती मिनिटं मोजून आईला वाचवू शकली नव्हती. आज तिनं मिनिटं मोजून तीन माणसंही त्यात ढकलली होती, त्यातला एक म्हातारा.

सहा वाजता लिहिताना तिला आकडा दिसेना.

६

सहा वाजून वीस मिनिटांनी शिकाऱ्यांचा रेडिओ खरखरला.

“पोचलो.” मामा वाऱ्यावरून ओरडत होता. “खोकी आहेत, पोरी. सात भरलेली, एक फुटलेलं. तुझं बरोबर होतं.”

“आणि तो?”

“खोपटात नाही.”

तिनं टेबलाची कड धरली.

“अस्वलाचे पंजे आहेत भिंतीपाशी. ताजे. आता दिसत नाही काही, आलं वादळ. दोर लावून बघतो.” आणि आवाज गेला.

गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात ते ऐकलं गेलं होतं. एरवी त्या रेडिओवर दोन मिनिटं शांतता नसते. आता कुणी बटणाला बोट लावेना. उलीपिका उठली, बसली, पुन्हा उठली. मग ती गुडघ्यांवर बसली आणि टेबलाच्या कडेवर कपाळ टेकलं. कोपऱ्यातून पेल्टिए काहीतरी म्हणाला, ते तिनं ऐकलं नाही. ती मोजत होती. दहा मिनिटं. वीस. पस्तीस. बाहेर वादळ इकालुविकलाही येऊन भिडलं आणि खिडकी पांढरी झाली. अठ्ठेचाळीस मिनिटं. ती तशीच मोजत राहिली, कारण थांबली असती तर किंचाळली असती.

बावन्नाव्या मिनिटाला खरखर झाली.

“मामा?”

“पोरी, श्वास घे जरा.” मामाला धाप लागली होती. “सापडली ताई. नदीच्या कड्याआड, खोपटापासून तीनशे पावलांवर. अस्वलाच्या खुणा बघून आत गेलाच नाही. खिशातल्या सुरीनं बर्फाच्या विटा कापून घर बांधलंय, एवढंसं. फुटलेल्या खोक्याचा पुठ्ठा खाली अंथरलाय. पायाची बोटं गेली असावीत दोन-तीन. आम्ही पण आत घुसून बसलो, वादळ सरेपर्यंत हलत नाही. आणि वर आम्हालाच शिव्या देतोय, बर्फ झटकून आत या म्हणून!”

सगळ्या गावाचे आवाज एकदम रेडिओवर उसळले, कुणी हसत होतं, कुणी देवाचं नाव घेत होतं. उलीपिकाला बटण दाबता येईना. दोन्ही हातांनी दाबलं.

“त्याला दे. मामा, त्याला दे ना!”

रेडिओ हातातून हातात गेल्याचा आवाज झाला. मग दातांवर दात वाजत असलेला, तोंड नीट न उघडणारा, पण ओळखीचा आवाज आला.

“पोरी?”

“हो.”

“जेवलीस का काही?”

तिनं तोंडावर हात धरला. बाजूला माशाचं कालवण थिजून पडलं होतं.

“सकाळपासून नाही, आई,” ती म्हणाली, आणि सगळं गाव ऐकत असताना हमसून हमसून रडायला लागली.